येळवसेला पडलेला गोळा

कोकळेवाडी, ता. औसा, जि. लातूर
४ जानेवारी १९८७

प्रिय उमाक्का,

शरणु शरणार्थी. वरचा पत्ता आधी नीट वाच. जिल्हा लातूर. नवा जिल्हा होऊन पाचवं वर्ष लागलं, तरी तुझ्या पाकिटावर अजून उस्मानाबादच असतं. पोस्टमन ते हातात देताना असा बघतो, जसा काही आमच्या घरानं हा जिल्हा अजून मंजूरच केलेला नाही. अप्पांना ते फार लागतं. त्यांना आता साधा खिळा आणायचा तरी लातूरला जावंसं वाटतं, आणि निघताना ‘जिल्ह्याला जाऊन येतो’ असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतात. तू एकदा येऊन बघितलं असतंस तर तुझ्याही पेनातून लातूर आलं असतं. असो. आज तुला चिडवायचं नाही असं ठरवून बसलो होतो, ते पहिल्याच परिच्छेदात मोडलं.

अक्का, मला इतकं सांगायचं आहे की कुठून धरावं कळत नाही. येळवस होऊन चार दिवस झाले आणि माझे पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत. शेतात जातो, काय करायला आलो तेच विसरतो, परत घरी येतो. तुझी भावजय विचारते, लॉटरी लागली का काय तुम्हाला. त्याहून मोठं काहीतरी लागलं आहे, पण ते क्रमानं सांगितलं नाही तर तुला पटायचं नाही. तेव्हा दम धर. मधलं सोडून शेवट आधी वाचायची तुझी खोड अजून असेल, तर आजच्या दिवस ती आवर.

यंदाचं पाणी कसं आहे ते तुला सांगायला नको, तुमच्या देगलूरकडंही काही वेगळं नसेल. विहिरीवरची मोटार जेमतेम तासभर चालते आणि मग नुसती हवा ओढते. तेवढ्यावर द्राक्षाची बाग धरली आहे. दांडानं पाणी सोडायचं आणि एकेका वेलीला तोंडापुरतं मिळालं की पुढं वळवायचं. पण वरून सोडलेलं पाणी खाली पोचतच नव्हतं. मी खोरं घेऊन खालच्या टोकाला उभा, वर मोटार चालू, आणि दांड कोरडा. उंदरांनी दांडाच्या कडेनं इतकी बिळं पाडली होती की निम्मं पाणी वाटेतच गडप व्हायचं. सगळं रान वाळल्यावर भोवतालचा उंदीर आमच्या ओलाव्याला गोळा झाला होता. तहानेनं वेलींच्या बुंध्याची सालसुद्धा कुरतडायचे. अप्पांनी दोनदा बोलून दाखवलं की असं असेल तर बागेला कुऱ्हाड लावू आणि ज्वारी पेरू. ही बाग मी मांडवाचा पहिला दगड रोवल्यापासून वाढवली आहे, अक्का. तो शब्द निघाला की मी खोरं उचलून बागेत निघून जायचो.

आधी अप्पांनी सगळे करतात तेच केलं. भज्यांत उंदराचं औषध घालून बिळाबिळात टाकलं. थोडे उंदीर मेले, आपला मोत्या कुत्रा मेला आणि शेजारच्या वीरण्णाची मांजर मेली. मांजरीवरून वीरण्णानं बांधावर येऊन अप्पांचा असा उद्धार केला की दोघांचं बोलणं बंद झालं. उंदीर मात्र महिन्याभरात होते तेवढेच. त्याच सुमारास मी परभणीला शेतकरी मेळाव्याला गेलो. तिथं एका मास्तरांनी सांगितलं की पांढऱ्या तोंडाच्या घुबडाची एक जोडी तुमच्या औषधापेक्षा जास्त उंदीर संपवते. तिला हाकलू नका, राहायला जागा द्या, आणि विष बंद करा, कारण मेलेला उंदीर खाल्ला की घुबडही मरतं. मागं बसलेली माणसं हसली. मीही हसलो. पण परत येताना एसटीत माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. घरी आल्याबरोबर द्राक्षाच्या दोन जुन्या पेट्या एकाला एक जोडल्या, पुढं भोक पाडलं आणि विहिरीजवळच्या कडुलिंबावर बांधून टाकल्या. बागेत ठिकठिकाणी आडवी काठी ठोकलेले बांबू उभे केले, घुबडाला बसून टेहळणी करायला. अप्पा म्हणाले, माणसं लेकीबाळींना घर बांधून देतात, आमचा कुलदीपक घुबडाला देऊन राहिला. अव्वा तर दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. तिच्या न बोलण्याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

दसऱ्याच्या आगेमागे जोडी आली. काय देखणा पक्षी आहे, अक्का. तोंड पांढरंशुभ्र, सुपलीसारखं, आणि उडतं तर पंखाचा एवढासासुद्धा आवाज नाही. लोक त्याला अभद्र का म्हणतात देव जाणे. मी रोज संध्याकाळी त्यांची वाट बघत बसायला लागलो. दिवाळी झाली, आणि एका सकाळी मी नेहमीसारखा खालच्या टोकाला उभा होतो, तर पाणी आलं. चांगलं पायावर आलं, माझी चप्पल भिजवून पुढं गेलं. मी खोरं टाकलं आणि दांडातच बसकण मारली. वीरण्णा बांधावरून बघत होता. मांजरीचं सगळं विसरून त्यानं विचारलं, बरं हाय ना रं तुला.

आता पुढचं लिहायचं तर एक नाव घ्यावं लागतं. चांगुणाबाई. तुला ते ऐकवत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आजवर कुठल्याही पत्रात मी ते येऊ दिलं नाही. पण बायकांची टोळी तिच्या हाताखाली आहे, आणि डिसेंबरात घड विरळायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे, ते काम टोळीशिवाय होत नाही. आठवडाभरात झालं नाही तर मणी फुगत नाही आणि अख्खं वर्ष हातचं जातं. बायका आल्या, दोन दिवस छान काम झालं. तिसऱ्या दिवशी भाकरी खायला लिंबाखाली बसल्या आणि त्यांना खाली पडलेले गोळे दिसले. काळे, चकचकीत, कागदी लिंबाएवढे, केसांचे. एकीनं काडीनं फोडला तर आत बारीक हाडं आणि दात. चांगुणाबाईनं तोंडातला घास थुंकला. म्हणाली, “ही भानामती हाय. म्या ह्या घरात पैलं बी बघितलीय.” बायकांनी कात्र्या तिथंच टाकल्या आणि गेल्या. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की बसलिंगप्पांच्या घरात पुन्हा सुरू झालं.

पुन्हा. हा एक शब्द आमच्या घराला पुरेसा होता. आपल्या घरात त्या गोष्टीविषयी कुणी बोलत नाही. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि माझ्याजवळ नुसते तुकडे होते: बहात्तरचा दुष्काळ, छावणीत मेलेले आपले बैल, गोठ्यात गव्हाणीपाशी रोज सापडणारे केसांचे गोळे, रात्री काहीतरी पांढरं उडालेलं बघून ओरडलेला गडी. आणि तू. गोठा झाडायचं काम तुझं होतं. तुला त्या गोळ्यांतली पांढरी, नाजूक हाडं आवडली म्हणून तू ती पावडरच्या डब्यात जमवलीस. तो डबा चांगुणाबाईला सापडला. तीच तेव्हा आपल्याकडं शेण काढायला होती. तिनं अंगणात येऊन हाळी दिली ती मला अजून ऐकू येते. मग तो बाहेरगावचा मांत्रिक आला. त्यानं तुला लिंबाच्या फोकानं मारलं, आणि मला शेजारच्या घरात कोंडून ठेवलं होतं. सोळा वर्षांच्या पोरीला फाल्गुनात घाईघाईनं देगलूरला देऊन टाकलं. महादेवप्पा भावजी देवमाणूस निघाले म्हणून बरं. अप्पांनी तेव्हा तेवढीही चौकशी केली नव्हती. तू गेलीस आणि गोळे पडायचे थांबले. गावाला दुसरा पुरावा नको होता. त्यानंतर तू ह्या गावाची शीव ओलांडली नाहीस. आम्हीच उदगीरला गुरम्मामावशीकडं येऊन तुला भेटतो, आणि दरवेळी निघताना तू हळूच विचारतेस, मागच्या खेपेला भेटून गेल्यावर घरी काही झालं नाही ना. गावानं म्हटलं ते म्हटलं, पण तूसुद्धा ते खरं धरून बसलीस, ह्याचा मला फार राग येतो.

तर अप्पा त्याच संध्याकाळी कोयता घेऊन लिंबाकडं निघाले. पेटी उतरवतो, घुबडं मारतो, बाग गेली तर जाऊ दे, पण घराचं नाव दुसऱ्यांदा जाऊ देणार नाही म्हणाले. मी झाडाला पाठ लावून उभा राहिलो. त्यांना सांगितलं की हे गोळे म्हणजे घुबडाची उलटी आहे. केस, हाडं पचत नाहीत, ते बाहेर टाकतं. मला मेळाव्यात सांगितलं होतं. अप्पा म्हणाले, ते परभणीत. इथं कुणी बघितलंय? खरं सांगतो, मीही बघितलं नव्हतं. शेवटी चार दिवसांवर आलेल्या येळवसेपर्यंत मुदत मागून घेतली. पेटीत पिल्लं होती, ती उडेपर्यंत तरी थांबा म्हणून हातापाया पडलो. इकडं आम्ही घरचीच माणसं कात्र्या घेऊन मांडवाखाली राबत होतो आणि निम्मी बाग तशीच राहत होती.

येळवस आली. तुला आठवतं ना, मार्गशीर्षातल्या त्या अवसेला गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे रानात. कडबा यंदा जनावरांनाच पुरत नाही, म्हणून मी लिंबाच्या कडेलाच तुराट्यांची कोप, म्हणजे पूजेची खोप, उभी केली. कोपीतल्या पाच दगडी पांडवांना चुना लावला, अव्वानं पहाटेपासून खपून तुरीच्या-हरभऱ्याच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबिलीचं मडकं, सगळं केलं. आम्ही ‘ओलगे ओलगे’ म्हणत रानभर आंबील शिंपडली. दरवर्षी आमच्या कोपीपुढं पंगतीवर पंगत बसते. यंदा कुणी फिरकलं नाही. माणसं वाटेनं जायची, आमच्या बांधाशी आली की पलीकडच्या बाजूनं जायची. अप्पा टोपी मांडीवर ठेवून बसले होते. भरलेल्या भांड्यांकडं मला बघवेना. उन्हं कलल्यावर चांगुणाबाई वीरण्णाच्या शेतातून एकटीच परत चालली होती. अव्वा उठली ती सरळ वाटेवर जाऊन उभी राहिली. चौदा वर्षांत तिच्याशी कामापुरतं बोललेली बाई. म्हणाली, “चांगुणा, येळवसेला हाक मारल्यावर पुढं जायचं नसतंय. ये, जेव.” ती थबकली. तिला नाही म्हणता येईना. येऊन बसली, पण लिंबाकडं पाठ करायची हिंमत नव्हती म्हणून तोंड तिकडं करून बसली.

आणि तिथंच सगळं घडलं. अंधारायला आलं होतं, मी हेंडगा, म्हणजे ती गवताची मशाल, पेटवायच्या तयारीत होतो. पेटीतून घुबड बाहेर आलं आणि पंगतीवर आलेल्या फांदीवर बसलं. त्यानं मान पुढं काढली, परत आत घेतली, डोळे मिटले, पोट हललं. जास्त आंबील प्यालेलं लेकरू करतं अगदी तसं. मला वाटलं आजारी पडलं. चांगुणाबाईचा हात भज्जीतच थांबला. घुबडानं तोंड उघडलं, आणि एक काळा, ओला गोळा तोंडातून निसटून तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन पडला. मग त्यानं अंग झाडलं आणि आवाज न करता बागेवरून उडून गेलं. चांगुणाबाई उठली. तुराटीची काडी घेऊन बसली आणि तिनं तो गोळा आपल्या हातानं उकलला. उंदराची कवटी निघाली, दातांसकट. तिनं ती हातावर घेतली, मी पेटवलेल्या हेंडग्याच्या उजेडात इकडून तिकडून बघितली.

मी तर आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. आता बायका येणार, बाग वाचणार, अप्पांची जिरली, असं काय काय मनात आलं. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती अव्वाकडं बघत होती. म्हणाली, “मंग लक्षुमव्वा, तुमच्या गोठ्यात काय व्हतं? उमीनं काय केलतं मंग?” अव्वा म्हणाली, “तेच इचारून राहिले मी चौदा वर्सं.” एवढंच. अक्का, माझ्या अंगातला सगळा आनंद कुठल्या कुठं गेला, आणि मग दुप्पट होऊन परत आला. बाग माझ्या डोक्यातूनच गेली. मला फक्त तू दिसत होतीस, तो पावडरचा डबा घेतलेली.

सकाळी अप्पांनी चहा घेतला नाही. पडवीत बसून होते. मग त्यांनी अव्वाला विचारलं, गोठ्याचं छप्पर आपण कधी उतरवलं होतं? अव्वा म्हणाली, उमीच्या लग्नात. जनावरं छावणीला गेलेली, गोठा रिकामाच, म्हणून त्याचे वासे काढून मांडवाला वापरले. अप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, म्हणजे त्या घुबडाचं घर आपण मोडलं, म्हणून ते गेलं. पोरगी गेली म्हणून न्हाई. अप्पांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी कधी बघितली नव्हती. इतका साधा हिशोब, तुझ्या लग्नाच्या मांडवाखाली सगळं गाव जेवून गेलं, आणि एकाच्याही डोक्यात आला नाही की वर बघावं, हे वासे कुठून आले.

दुसऱ्या दिवसापासून टोळी कामावर आहे. राहिलेली विरळणी उरकत आली, पाणी पोचतं आहे, घडांनी रंग धरायच्या आत पुढची तयारी करायची आहे. वीरण्णा दोन जुन्या पेट्या मागून घेऊन गेला आणि जाताना म्हणाला, औषध आणलेलं परत दुकानात देतो. सगळं गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही. घुबड बघितलं की अजून निम्मे लोक थुंकतात. पण बायका दुपारी मुद्दाम लिंबाखाली जातात, गोळे उकलून बघतात आणि किती उंदीर निघाले ते एकमेकींना सांगतात. तू जे तेव्हा एकटीनं, कौतुकानं करत होतीस, तेच. मला ते बघताना हसूही येतं आणि संतापही येतो.

आता पत्र कशासाठी ते. मी शनिवारच्या एसटीनं देगलूरला येतो आहे, आणि एकटा येत नाही. चांगुणाबाई माझ्यासोबत आहे. मी तिला बोलावलं नाही, अव्वानं नाही, अप्पांनी नाही. ती परवा आपण होऊन आली आणि म्हणाली, “माझ्या तोंडानं उमीचं नाव गेलतं, माझ्याच तोंडानं तिला सांगते.” तिनं दार उघडलं न्हाई तर ओट्यावर बसून येईन, असंही म्हणाली. म्हणून तुला आधी कळवतो, म्हणजे ती अचानक समोर येऊन उभी राहायला नको. दार उघडायचं की नाही ते सर्वस्वी तुझं. नाही उघडलंस तर मी तिला मुकाट्यानं परत आणीन आणि तुला शब्दानं बोलणार नाही. भीती मला दुसरीच वाटते. तुझा स्वभाव मी ओळखतो. ती म्हातारी ओट्यावर टेकायच्या आत तू तिला पाणी आणून देशील आणि जाऊ दे म्हणशील. तसं करू नकोस, अक्का. आधी तिला भांड. फोकाचे वळ, तोडलेली शाळा, न खाल्लेली प्रत्येक येळवस, सगळं तिच्यापुढं काढ, तिला ऐकू दे, देगलूरच्या सगळ्या गल्लीला ऐकू दे. मग पाणी द्यावंसं वाटलं तर दे, आणि आमच्याबरोबर गावी यावंसं वाटलं तर ये. तेव्हा मी लहान होतो आणि मला कोंडून ठेवलं होतं. ह्या वेळी मी दारात उभा असेन, तुझ्या बाजूनं.

तुझाच,
गुरू